टेकू

आपल्या शास्त्रकारांनी माणसाच्या अहोरात्रीतील श्वास मोजून ठेवले आहेत. ते २१,६०० भरतात. अजपा जपाचा हा आकडा कीर्तनातून आणि प्रवचनातून आपण सर्वांनीच ऐकलेला आहे. भागाकार करून पाहिला तर मिनिटास पंधरा श्वास पडतात, आणि आजचे वैद्यकही स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचा आकडा बारा ते वीस यांच्या दरम्यानच सांगते. निरोगी माणूस ही संख्या ऐकतो, नमस्कार करतो आणि विसरून जातो. श्वास चालू आहे याची त्याला आठवणच नसते. ज्याला दमा आहे त्याची गोष्ट निराळी. त्याला रात्रीच्या रात्री एकेक श्वास हाताने ओढून आणावा लागतो आणि त्याचा हिशेब ठेवावा लागतो. असा हिशेब मी गेली जवळजवळ सत्तर वर्षे ठेवीत आलो आहे. त्यातील जमाखर्च देवळाच्या सभामंडपात शेजारी बसणाऱ्या मंडळींसमोर एकदा मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा जन्म १९५० सालचा, कणकुंबीचा. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चोर्ला घाटाच्या माथ्यावर हे आमचे गाव. मलप्रभा येथे उगम पावते. माउलीच्या देवळाजवळ एवढीशी दिसणारी ही नदी पुढे सौंदत्तीच्या डोंगराखालून वाहत, तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून कूडलसंगमास कृष्णेला मिळते. नदी जन्माला घालणाऱ्या गावात पाऊस किती पडत असेल, हे निराळे सांगायला नको. मृग लागला की ढग डोंगरावरून उतरून ओसरीत येऊन बसतात, ते हस्तापर्यंत हलत नाहीत. भिंती घाम फुटल्यासारख्या ओलावतात, पेटीतल्या कपड्यांना बुरशी येते, मीठ पाझरते, आणि चुलीवरच्या फळीवर ठेवलेली काडेपेटीसुद्धा पेटत नाही. या ओलीचे मी लेकरू. तिच्यामुळे माझी छाती बिघडली, आणि तिच्यावाचून मला इतरत्र कुठे करमलेही नाही.

ज्या वर्षी आमचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्या १९५६ सालच्या श्रावणात मला पहिला झटका आला. सहा वर्षांचा होतो. मध्यरात्र उलटून गेल्यावर जाग आली ती छातीत कोणीतरी बारीक शीळ घालीत असल्यासारखी. निजवेना. बसलो तर थोडे बरे वाटे. आई मला पुढ्यात घेऊन, माझे कपाळ आपल्या खांद्याला टेकवून उजाडेपर्यंत बसून राहिली. तिचे माहेर घाटाखाली सत्तरीत. मधे तेव्हा पोर्तुगिजांची सीमा होती, आणि त्या वर्षांत माहेरचे माणूस दिसणेही तिला दुर्मिळ झाले होते. घाबरली की तिच्या तोंडी माहेरची बोली येई. “भिवूं नाका, पुता,” एवढे ती पुनःपुन्हा म्हणत होती. हे ती मला म्हणत होती की स्वतःला, हे मला तेव्हा कळले नाही. पहाटे देवळातली घंटा वाजली आणि शीळ हळूहळू मंदावली. पुढे हे नित्याचे झाले. दम्याचा जोर पहाटेच्या आधीच्या प्रहरात अधिक असतो, हे वैद्यकाने सिद्ध केलेले सत्य मी फार पुढे वाचले. लहानपणी मला एवढेच ठाऊक होते की घंटा वाजली की आपण वाचलो.

दम्यात श्वास आत घेता येत नाही असा सर्वसाधारण समज आहे. खरी अडचण असते ती बाहेर सोडण्याची. श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते, भोवतालचे स्नायू आवळतात, चिकट कफ मार्ग अडवतो, आणि आत गेलेली हवा कोंडून पडते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतता येत नाही, तशी छातीची अवस्था होते. माणूस तोंड उघडून हवेसाठी तडफडतो आहे असे भोवतालच्यांना दिसते. प्रत्यक्षात त्याच्या छातीत जुनी हवा ठासून भरलेली असते आणि तिला वाट हवी असते.

घरी उपायांना तोटा नव्हता. परसातल्या अडुळशाच्या पानांचा रस मधातून मिळे. सुंठ आणि मिरी यांचा काढा होई. एका शेजाऱ्यांनी धोत्र्याची वाळलेली पाने निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर देण्याचा उपाय सांगितला आणि तोही दोनदा झाला. आज मागे वळून पाहता या उपायांची मला थट्टा करावीशी वाटत नाही. अडुळशातील वासिसीन या द्रव्यापासूनच पुढे ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध घडवले गेले. धोत्र्याच्या धुराचा उपाय तर १८०२ च्या सुमारास मद्रासेहून एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने विलायतेस नेला, आणि पुढे शंभरावर वर्षे तिकडचे दमेकरी धोत्र्याच्या जातीच्या पानांच्या विड्या ओढीत होते. धोत्र्यात श्वासनलिका सैल करणारी द्रव्ये आहेत, यात शंका नाही. त्यांच्याच कुळातले शुद्ध केलेले औषध आज रुग्णालयात वाफेच्या यंत्रातून देतात. पण पानात ते द्रव्य किती आहे हे पान सांगत नाही, आणि धोत्रा हे विष आहे. दुसऱ्या खेपेस मला भ्रम झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि आईने ती पाने उचलून उकिरड्यावर टाकली. झाडातला गुण पूर्वजांनी ओळखला होता, मात्रेचे माप पुढच्यांनी शोधले. आपण दोघांचेही ऋणी असावे, परंतु मापावाचून गुणाच्या वाटेस जाऊ नये.

पंधराव्या वर्षी वडील मला बेळगावास, शहापुरातील एका वृद्ध वैद्यांकडे घेऊन गेले. त्यांनी नाडी पाहिली, छातीस कान लावला, आणि माझ्याकडे न पाहता वडिलांना म्हणाले, “तमकश्वास आहे. याप्य आहे.” शब्दाचा अर्थ मी बसमध्ये वडिलांना विचारला. वडील म्हणाले, “बरा न होणारा.” त्या एका उत्तराने मी पुढची कित्येक वर्षे जळत राहिलो.

वडिलांचे उत्तर अर्धेच होते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. चरकाने श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यांतील तमकाचे वर्णन वाचताना तो ग्रंथकार आमच्या कणकुंबीच्या घरात बसून लिहीत होता की काय, असे वाटते. ढग दाटून आले, पाऊस लागला, थंडी पडली, पूर्वेचा वारा सुटला की हा रोग बळावतो, रोग्याला निजून त्रास होतो आणि बसून आराम वाटतो, त्याला ऊन पदार्थांची इच्छा होते, हे सारे तेथे आहे. रोगांचे साध्य आणि असाध्य असे दोनच वर्ग आपण सामान्य माणसे करतो. प्राचीनांनी या दोहोंच्या मध्ये तिसरा वर्ग मानला, तो याप्य. समूळ जात नाही, परंतु योग्य उपचार चालू आहेत तोवर माणसास पाडीतही नाही, तो याप्य. सुश्रुताने यासाठी दृष्टांत दिला आहे तो पडू पाहणाऱ्या घराचा. नीट लावलेला टेकू जसा असे घर तोलून धरतो, तसे उपचार याप्य रोग्यास तोलून धरतात. वैद्यबुवांनी वापरलेल्या त्या एका शब्दात शिक्षा नव्हती, करार होता. मी तो करार न वाचताच त्यावर सही केली आणि पुढे तो मोडीत राहिलो.

मोडण्याचे कारण लाज. आमच्या घराला देवीच्या पालखीस खांदा देण्याचा मान. विसाव्या वर्षी वडिलांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला. गुलाल, धूप, ढोलांचा गजर आणि माणसांची दाटी. शंभर पावले जाण्याआधीच छातीत शीळ वाजू लागली. मी दात आवळून चालत राहिलो. पालखी देवळात परतली तेव्हा मी मागच्या बाजूस भिंतीला हात टेकून उभा होतो. “काय झाले?” असे एकाने विचारले, तर “ठसका लागला” असे उत्तर दिले. पुढच्या वर्षी पाय मुरगळल्याचे निमित्त केले. त्यापुढच्या वर्षी नोकरीचे. मग कोणी विचारीनासे झाले. दमा आहे हे सांगण्यापेक्षा भक्ती कमी आहे असे लोकांना वाटू देणे मला सोपे गेले, हे आज लिहिताना हात अडखळतो.

१९७७ साली लग्न झाले तेव्हाही हेच. मुलगी पाहायला गेलो त्या दिवशी इफेड्रिनच्या गोळ्या खाऊन, छातीची धडधड सोसत, मी सरळ बसून राहिलो. लग्नानंतर आठव्या रात्री बिंग फुटले. पत्नी उठून बसली, काही न विचारता पाठीस उशा लावल्या, पाणी ऊन करून आणले. सकाळी मात्र तिने एकच वाक्य म्हटले. “अहो, हे तुम्ही दम्यापासून लपवलं नाहीत, माझ्यापासून लपवलंत.” मी उत्तर दिले नाही. आजही माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

माझ्या पहिल्या झटक्याच्या त्याच १९५६ साली अमेरिकेत एक नवी गोष्ट घडली होती. औषध बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या मुलीस दमा होता. औषध फवारण्याच्या काचेच्या नाजूक उपकरणाला ती कंटाळली आणि केसांवर फवारण्याच्या सुगंधी द्रव्याप्रमाणे हे औषध डब्यात का भरता येत नाही, असे तिने बापाला विचारले. त्या प्रश्नातून, दर दाबास ठराविकच मात्रा देणारा पहिला पंप निघाला. माझी आई मला खांद्याशी धरून बसली होती त्याच वर्षी ही वस्तू जगात अवतरली होती, परंतु ती आमच्यापर्यंत येण्यास पाव शतक लागले. १९६९ साली साल्ब्युटामॉलचा पंप निघाला, १९७२ साली सूज उतरवणारे स्टिरॉइड पंपातून मिळू लागले, आणि १९७८ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने असे पंप आपल्या देशात बनवण्यास आरंभ केला. माझ्या हाती पहिला पंप १९८२ साली पडला. दोन मात्रा घेतल्या आणि पाच मिनिटांत छाती मोकळी झाली. मी बेळगावच्या रस्त्यावर उभा राहून नुसता श्वास सोडीत राहिलो.

त्या पंपाने मला वाचवले, आणि त्यानेच फसवलेही. हा निळा पंप आवळलेले स्नायू सैल करतो. त्याचा परिणाम चार-सहा तास टिकतो. आतल्या सुजेला तो हात लावीत नाही. सूज उतरवणारा पंप वेगळा, आणि तो घेतल्यावर लगेच काहीच जाणवत नाही. तो रोज, बरे असतानाही घ्यावा लागतो. गळती लागल्यावर खाली पातेले ठेवणारा एक, आणि वैशाखात छप्पर शाकारणारा दुसरा. १९८८ साली डॉक्टरांनी मला दोन्ही लिहून दिले. मी मात्र पातेल्यावर विश्वास ठेवला. दिवाळी उलटली, हवा कोरडी झाली, छाती बरी वाटू लागली की दुसरा पंप बंद. त्यात गावात बोलले जाई ते वेगळेच: पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात. गोळीतील स्टिरॉइड मिलिग्रॅमांत मोजतात आणि पंपातील मायक्रोग्रॅमांत, म्हणजे हजाराव्या भागाच्या मापाने, हे मला कोणी सांगितले नव्हते असे नाही. सांगितले होते. मला ऐकायचे नव्हते, कारण रोज औषध घेणे म्हणजे आपण रोगी आहोत हे रोज कबूल करणे.

१९९४ सालचा पुष्याचा पाऊस मी विसरणार नाही. निळा पंप संपून नऊ दिवस झाले होते. उद्या बेळगावास जाऊ, परवा जाऊ, असे चालले होते. दुसरा तर वैशाखापासूनच बंद होता. रात्री दहाच्या सुमारास झटका आला तो नेहमीसारखा उतरेना. बारा वाजता मला पूर्ण वाक्य बोलता येईना, दोन शब्दांमागे थांबावे लागे. बेळगाव चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. गावाबाहेर झाड रस्त्यावर आडवे पडलेले आणि पुढे ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहणारे. जीप होती ती ओढ्यापलीकडच्या वस्तीत.

पत्नीने शेजारी जाऊन हाक मारली. थोड्या वेळाने दारात कंदील आणि इरली दिसू लागली. आठ-दहा जण होते. मला बाजेवर निजवून न्यावे असे कोणी म्हणाले, पण निजणे शक्यच नव्हते. तेव्हा शाळेतून आणलेली माझी लाकडी खुर्ची त्यांनी दोन वाश्यांना दोरांनी आवळली आणि मला तीत बसवून वर घोंगडी पांघरली. खांदे लागले. एक जण वाकून म्हणाला, “मास्तर, भिऊ नकासा. पालखी नेतो तशी नेतो.” आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे सारे देवीच्या पालखीचे मानकरी होते. ज्यांच्या रांगेतून मी खोटी निमित्ते सांगून बाहेर पडलो होतो, तेच ते खांदे. पालखी तिरपी होऊ न देता खांदा बदलण्याची त्यांची हातोटी होती. आडव्या झाडावरून, गुडघाभर पाण्यातून, त्या अंधारात, खुर्ची एकदाही हिसकली नाही. मी फक्त त्यांचे श्वास ऐकत होतो. दमलेल्या माणसांचे, मोठे, मोकळे श्वास.

बेळगावच्या रुग्णालयात पोहोचेतो उजाडले होते. प्राणवायू, वाफेचे यंत्र, शिरेतून औषधे. दुपारी डॉक्टरांनी विचारले, “पंप कधी संपला होता?” “काल,” मी म्हणालो. पत्नी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. त्या दृष्टीपुढे मला टिकता आले नाही. “नऊ दिवस झाले,” मी म्हणालो. सत्तर वर्षांच्या या आजारात माझ्या हातून झालेले पहिले खरे पथ्य तेच.

त्या डॉक्टरांनी मला एक नळी दिली. पूर्ण श्वास घेऊन तीत जोराने फुंकले की काटा सरकतो आणि फुंकीचा वेग दाखवतो. मार्टिन राइट नावाच्या इंग्रज संशोधकाने १९५९ साली हे मापक प्रथम प्रसिद्ध केले, आणि पुढे त्याची स्वस्त, हातात मावणारी आवृत्ती निघाली. माझा उत्तम आकडा ४२०. त्याच्या शेकडा ८० वर, म्हणजे ३३६ च्या वर, काटा असला तर निर्धास्त. २१० च्या खाली, म्हणजे निम्म्याच्याही खाली गेला तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठायचे. मास्तरकीच्या सवयीने मी वही घातली. तिने शिकवले ते असे की काटा आधी घसरतो आणि त्रास नंतर जाणवतो. दम्याला वाचा नाही असे मी समजत होतो. वाचा होती, मला लिपी येत नव्हती.

मग ओलीचेही कोडे सुटले. घरातल्या धुळीने दमा बळावतो हे पूर्वीपासून ठाऊक होते, परंतु त्या धुळीत नेमके काय असते, हे १९६४ ते १९६७ या काळात हॉलंडातील लायडनच्या संशोधकांनी शोधून काढले. गाद्यांत आणि उशांत राहणारा, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान असा एक कोळ्याच्या जातीचा जीव तेथे असतो. आपल्या त्वचेचा गळलेला कोंडा हे त्याचे अन्न, आणि दमट हवा हा त्याचा प्राण. कणकुंबीच्या चार महिन्यांत त्याची चंगळ असते. तेव्हापासून आमच्या घराच्या पावसाळी बेगमीत भर पडली. सरपण, कुळीथ, आमसुले, पापड यांच्या जोडीला आता अक्षय्य तृतीयेपासून गाद्यांना रोज ऊन, उशांच्या खोळी कढत पाण्यात, आणि मृगापूर्वी दोन्ही पंपांचे दोन-दोन जादा डबे, तारीख लिहून, देवघराच्या फडताळात. चूल जाऊन गॅस आला. शाळेत फळा ओल्या फडक्याने पुसण्याची शिस्त मी निवृत्त होईपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत पाळली. मुले हसत. सूज उतरवणारा पंप रोज दोन वेळा, मागोमाग चूळ. सकाळची संध्या चुकली असेल, ती चूळ चुकलेली नाही.

प्राणायामाविषयी मला देवळात नेहमी विचारतात. मी रोज सकाळी अनुलोम-विलोम करतो, कुंभक न करता. मन शांत राहते, घाबरण्याची सवय कमी होते, आणि दम्यात घाबरणे हा अर्धा रोग असतो. परंतु प्राणायाम औषधाच्या शेजारी बसतो, त्याच्या जागी बसत नाही. झटका आलेला असताना तर पहिला हात पंपाकडेच गेला पाहिजे. शास्त्रही थांबलेले नाही. दमेकऱ्याने नुसत्या निळ्या पंपावर राहू नये, त्यासोबत सूज उतरवणारे औषध असलेच पाहिजे, असे जागतिक तज्ज्ञमंडळाने २०१९ साली स्पष्टच सांगितले. माझ्या खुर्चीच्या वाश्यांनी ते मला पंचवीस वर्षे आधी सांगितले होते.

या वाटेवरचे सोबतीही मी पुस्तकांतून शोधले. सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने १६९८ साली दम्यावर ग्रंथ लिहिला, तो स्वतःच्या छातीवरून. रॉजर अल्तून्यान हा डॉक्टर स्वतः दमेकरी. एका ईजिप्ती वनस्पतीपासून निघालेल्या द्रव्याच्या शोधात तो वर्षानुवर्षे स्वतःवर मुद्दाम झटके आणवून प्रत्येक नवे मिश्रण आपल्यावरच तपासून पाही. त्यातून दमा टाळणारे एक औषध मिळाले. त्याने आपला रोग लपवला नाही, कामाला लावला. हे वाचले तेव्हा मला माझ्या मुरगळलेल्या पायाची आठवण झाली.

रुग्णालयातून परतल्यावर त्या वर्षीच्या नवरात्रात मी सभामंडपात उभा राहिलो आणि चार वाक्यांत सर्व सांगितले. पालखी का सोडली, तेही. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “एवढंच होतं होय? आम्ही समजलो, तुला आमचा राग आला.” तेव्हापासून माझी जागा दाराशी, वाऱ्याच्या बाजूस आहे. धूप गाभाऱ्यात चालतो, आणि आरती झाली की पुजारी तबक घेऊन माझ्यासाठी उंबऱ्याबाहेर येतात. देवीकडे मी जाऊ शकत नाही तेव्हा तिचा प्रकाश माझ्याकडे येतो. याहून मोठा मान पालखीच्या दांड्याखाली मला मिळाला असता असे वाटत नाही.

गेल्या वर्षी माझ्या तेरा वर्षांच्या नातीलाही हेच निदान झाले. मुलगा आणि सून बेळगावात असतात. “बाबा, बाहेर कुठे बोलू नका,” मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, “मुलीची जात आहे, उद्या स्थळं बघायची.” मला आठव्या रात्रीनंतरची ती सकाळ आठवली. मी त्याला म्हणालो, “माझी चूक वारशाने देऊ नकोस. रोग दिलाय तेवढा पुरे.” तो गप्प बसला. त्याला ते पटले की नाही, हे मला अजून ठाऊक नाही.

या मे महिन्यात नात कणकुंबीस आली होती. संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही दोघांनी आपापल्या नळ्यांत फुंकून पाहिले. तिचा आकडा माझ्यापेक्षा वर गेला, तेव्हा ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, “आजोबा, हा बरा होईल का?”

मी तिला घराच्या पश्चिम अंगाला नेले. पावसाच्या माऱ्याने तिकडची भिंत माझ्या लहानपणीच बाहेर झुकली होती. वडिलांनी तिला ऐनाच्या लाकडाचा टेकू लावला. तो कुजला तेव्हा मी दुसरा लावला, आणि वीस वर्षांमागे मुलाने तिसरा. प्रत्येक वैशाखात आम्ही त्याचा पाया तपासतो, पाचर ठोकतो, तेल देतो. नातीने हात लावून पाहिला.

“भिंत सरळ झाली का मग?” तिने विचारले.

“नाही,” मी म्हणालो. “पण याच खोलीत मी जन्मलो, तुझे बाबा जन्मले, आणि आज रात्री तू निजणार आहेस.”

तिने पुन्हा एकदा टेकूला हात लावला, पाचर पायाने दाबून पाहिली, आणि म्हणाली, “आजोबा, ही थोडी सैल आहे.” आम्ही हातोडा आणायला आत गेलो. मृगाला अजून बारा दिवस होते.